चाळीस कडक भाकरी

आमच्या चादरीच्या कारखान्यात एक रानडुक्कर होतं. सुताच्या गोण्यांच्या खोलीत, दाराआड, भिंतीकडं तोंड करून उभं असायचं. अंग पोत्याचं, पोटात मागावरचं टाकाऊ सूत ठासून भरलेलं, पायांच्या जागी सूत गुंडाळायच्या चार रिकाम्या कांड्या आणि डोळ्यांना कोटाची दोन काळी बटणं. नवा कामगार पहिल्यांदा त्या खोलीत गेला की ओरडत बाहेर यायचा आणि बाकीचे पोट धरून हसायचे. डुकराचा धनी मात्र हसायचा नाही. तो गंभीरपणे सांगायचा, "भिंतीकडं तोंड हाय म्हणून वाचलास. तुझ्याकडं असतं म्हंजे?"

हा धनी म्हणजे आमचा जॉबर. माग बिघडला की उघडून नीट करणारा, नवी नक्षी लागली की माग जुळवून देणारा माणूस. चोवीस माग एका छपराखाली चालायचे. खटाखट एवढी, की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागे. पण त्या गदारोळात पलीकडच्या टोकाच्या मागाचा ठोका जरासा चुकला, की हा हातातला चहा खाली ठेवून उठायचा. कुठला माग, हे त्याला विचारावं लागत नसे. त्याची घरची भाषा तेलुगू, माझ्याशी मराठी, कर्नाटकातल्या व्यापाऱ्यांशी कानडी, आणि मागाला शिव्या द्यायच्या तर त्या फक्त दखनी उर्दूतून. "मागाला तीच भाषा कळती," म्हणायचा.

मी तिथं कारकून. हजेरी, रजा, आवक-जावक माझ्याकडं. तो मला दिवाणजी म्हणायचा आणि वयानं पंधरा वर्षांनी मोठा म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो.

अण्णाला शिकारीला जायचं होतं. तेही धनुष्यबाण घेऊन, आणि तेही परमुलखात.

आता शिकारीला बंदी आहे हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शिवाय त्याच्या हातून घरातली पाल मरत नसे. त्याची शिकार वेगळी होती. डुक्कर आपणच न्यायचं. जोडीदारानं ते झाडीत कुठंतरी नेऊन ठेवायचं, जागा सांगायची नाही. मग आपण अनवाणी, पाचोळासुद्धा न वाजवता, त्याला हुडकत जायचं. वीस पावलांवर पोचलो की एक बाण. लागला तर लागला, नाही तर दिवस संपला. दिवसाला एकच बाण, हा नियम.

"एकच का अण्णा?"

"शंभर मारले की एक लागतोच की. त्यात आपलं काय?"

एकदा मी त्याला विचारलं, एवढा सगळा खटाटोप कशासाठी. तो मागाला तेल घालत होता. तेलाचा डबा ठेवला आणि मला हाताला धरून बाहेर, कडुलिंबाखाली नेलं. तिथंही छपरातली खटाखट ऐकू येतच होती.

"हे बघ," म्हणाला, "सोळा वर्षांचा असल्यापासून हे ऐकतोय. झोपलो तरी डोक्यात चालूच असतंय. कान हळूहळू जाणार. आमच्यात सगळ्यांचेच जातात, माझ्या बापाचे गेले. जायच्या आधी एक सकाळ अशी पायजे, की माझ्या पायाचा पण आवाज मला येऊ नये. मग जे काय ऐकू येईल ते ऐकायचं. पाखरू म्हणा, पान म्हणा. डुक्कर नुसतं निमित्त हाय."

त्यानंतर मी त्याची चेष्टा केली नाही. आणि त्याचा जोडीदार झालो.

आमच्याकडं चादरी न्यायला एक व्यापारी यायचा, हुबळीच्या पलीकडे हल्याळच्या बाजूचा. घरची मक्याची शेती, शेताला लागून स्वतःचीच झाडी. जॉबरनं त्याचा एक बिघडलेला घरगुती पंखा दुरुस्त करून दिला आणि मोबदल्यात सात दिवस त्या झाडीत राहायची परवानगी मिळवली. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं सुताच्या खोलीत, डुकराच्या साक्षीनं, बेत आखायला बसू लागलो. तो सांगायचा, मी एका जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर लिहायचो. त्याला तेलुगू लिहिता येई, मराठी वाचता येत नसे. त्यामुळं सगळा बेत माझ्या अक्षरात.

त्याचा दुसरा नियम, विकत काही घ्यायचं नाही. जे घरात आणि कारखान्यात टाकाऊ आहे त्यातच भागवायचं. धनुष्य बांबूच्या तीन पट्ट्या एकमेकींवर बांधून केलेलं. दोरी सुताचे अठरा पदर पिळून, मेण चोळून. बाणांना कोंबड्याची पिसं; त्यासाठी तो गल्लीतल्या कोंबड्यांमागं फिरायचा आणि बायका त्याला हाकलायच्या. तंबूसाठी मागावर वाया गेलेलं जाड कापड, त्यावर मेणबत्त्या वितळवून थापल्या होत्या. पाऊस आत येत नसे, पण उन्हात ठेवला की तंबूला देवळासारखा वास यायचा. डाग पडलेल्या दोन चादरी तीन बाजूंनी शिवून झोपायच्या पिशव्या केल्या. त्याच्या पिशवीवर मोर होते, माझ्या पिशवीवर गुलाब.

खाण्याचा प्रश्न त्यानं चुटकीसरशी सोडवला. "चूल न्हाय पेटवायची. धूर दिसला की लोक येतात, लोक आले की बोलतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी माझ्या घरची, भाकरी तुझ्या घरच्या. आमच्यात भात, आमच्या बायकांना भाकरी जमत न्हाय." माझी बायको अक्कलकोटकडची. तिच्या हातच्या कडक भाकरी, पापडासारख्या पातळ, तीळ लावलेल्या, अख्ख्या कारखान्यात माहीत होत्या. वहीत मी लिहिलं: कडक भाकरी, नग चाळीस. त्यानं पुढं लिहायला लावलं: निघायच्या आठ दिवस आधी करून, वाळवून तयार पाहिजेत. मऊ पडलेली भाकरी त्याला मऊ पडलेल्या दोरीइतकीच नामंजूर होती.

माणूस कायद्याचा किती पक्का, तर बेत चालू असतानाच तो वनखात्याच्या एका कचेरीत जाऊन आला. बरोबर मी होतो. टेबलामागच्या साहेबाला त्यानं सरळ विचारलं, "पोत्याची शिकार केली तर गुन्हा हाय का?"

साहेबानं पेन खाली ठेवलं. "कशाची?"

"पोत्याच्या डुकराची. आत सूत हाय."

"मग करा की. मला कशाला विचारता?"

"लिहून द्या."

साहेब त्याच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "हे तुमचे कोण?" मी म्हणालो, कारखान्यातले. साहेब म्हणाला, "काका, जंगलात शिरू नका, कुणाच्या खासगी रानात काय ते खेळा. लिहून मी काही देणार नाही. दिलं तर मलाच वरून विचारतील, हे डुक्कर कुठलं म्हणून." जॉबरला हे उत्तर आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "शहाणा माणूस हाय. घाबरला, पन खरं सांगून घाबरला."

ते वाक्य मला तेव्हा टोचलं. का, ते आता सांगतो.

रविवारी आम्ही सराव करायचो. वळसंगच्या पुढं एक माळ आहे, तिथं एसटीनं जायचं. पहिल्या रविवारी डुक्कर त्यानं खांद्यावर घेतलं होतं. कंडक्टर आला.

"हे काय?"

"रानडुक्कर."

"तिकीट?"

"जीव न्हाय त्यात."

"जीव न्हाय तर सामान. सामान टपावर."

"टपावर ठेवलं तर लोक खालून बघतील, गावोगाव बोंब होईल. मांडीवर घेतो की."

सगळा प्रवास त्यानं डुकराला मांडीवर घेऊन केला. मागच्या सीटवरची म्हातारी कानडीत तिच्या नातीला म्हणाली, बघ, आजोबांनी बाळ आणलंय.

माळावर मात्र तो बदलायचा. पाऊल टाकताना चवडा आधी, मग टाच. अंगावरचा सदरासुद्धा त्यानं निरमा घालून मऊ केलेला, सळसळू नये म्हणून. मी डुक्कर लपवायचो आणि बोरीच्या झुडपाआड बसायचो. कितीदा असं झालं, की मी समोर डोळे फाडून बघतोय आणि तो पाठीमागून माझ्या खांद्यावर हात ठेवतोय. चोवीस मागांच्या गोंगाटात वाढलेला माणूस एवढा बिनआवाज कसा, मला कधीच कळलं नाही.

आणि मी काय करत होतो? मी खोटं बोललो होतो. बेताच्या पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं होतं, कॉलेजात एनसीसीत होतो, तंबूत राहायची सवय आहे, काळजी नको. एनसीसीत होतो हे खरं. कॅम्पातून दुसऱ्याच दिवशी सकाळी, पोट दुखतंय असं सांगून घरी पळून आलो, हेही खरं. मला उघड्यावर राहायची भीती वाटते. सापाची नाही, चोराची नाही. नुसती भीती. लग्नानंतरही कुणाकडं मुक्कामाला जायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून माझी भूक जाते. हे मी तोवर बायकोला सोडून कुणाला सांगितलेलं नव्हतं. आज लिहितोय.

कागदावर मला काही भीती नव्हती. कागदावरचा बेत हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला तास होता. अण्णा सांगतोय, मी लिहितोय, वहीत हुबळीची पॅसेंजर वेळेवर सुटतेय. तो तास कधी संपूच नये असं वाटायचं. पण दिवाळी झाली, थंडी पडली, आणि अण्णा म्हणाला, "लिही अर्ज."

त्याच्या रजेला मालकाची सही लागायची. जॉबर नाही म्हणजे माग बंद, त्यामुळं बदली माणूस दुसऱ्या कारखान्यातून आणावा लागणार. अर्ज मीच लिहिला. त्यानं खाली तेलुगूत सही केली, आडवी, माग पसरल्यासारखी. तो कागद मला मालकाच्या सकाळच्या फायलीत ठेवायचा होता.

मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. जुन्या पावतीपुस्तकांच्या खाली.

उद्या ठेवू, असं म्हणत आठवडा काढला. मग एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, सुताच्या खोलीत, त्याच्या तोंडाकडं न बघता म्हणालो, "अण्णा, मालक नाही म्हणाले. ऑर्डर मोठी आहे."

त्यानं वही मिटली. उठून डुकराची एक कांडी ढिली झाली होती ती नीट बसवली. "बरं," म्हणाला.

मालक बिचारा हो म्हणाला असता. जॉबरवर त्याचा जीव होता.

त्या रविवारी अण्णा माझ्या घरी आला, बरणीभर शेंगाचटणी घेऊन. "तुमच्यासाठीच कुटली हुती, न्हाय गेलो म्हणून काय, खायची की," असं म्हणत बसला. मी चहासाठी दूध आणायला कोपऱ्यावर गेलो. परत आलो तर तो चपला घालत होता. चहा नको म्हणाला. चहाला नाही म्हणालेला अण्णा मी त्या एकाच दिवशी पाहिला.

पुढच्या रविवारी सरावाला बोलावणं आलं. मी आनंदानं गेलो, काही बिघडलं नव्हतं तर. फक्त एक नवा नियम होता. "आजपासून डुक्कर तू उचलायचं," अण्णा म्हणाला. का, ते सांगितलं नाही. सूत भिजलं की ते डुक्कर फार जड व्हायचं. एसटीत मांडीवर, स्टँडवर खांद्यावर, माळावर पाठीवर. गल्लीतले लोक मलाच डुक्करवाला म्हणू लागले. मी निमूटपणे उचलत राहिलो. मनात वाटायचं, शिक्षा मिळतेय तर बरंच आहे. ती खरोखरच शिक्षा आहे, हे मला माहीत नव्हतं.

दर थंडीत बेत पुन्हा निघायचा. दर थंडीत मी म्हणायचो, "यंदाही मालक देतील असं वाटत नाही." तो म्हणायचा, "तू विचारून बघ की." मी विचारत नसे. एकदा खोटं बोललं की पुढची खोटी आपोआप विणली जातात, हात हलवायलाही लागत नाहीत. मग कारखाना बंद पडला. माग भंगारात गेले, मी एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. डुक्कर अण्णाच्या घरी गेलं. आणि कान, तो म्हणाला होता तसेच, गेले. डावा पूर्ण, उजवा निम्मा. मी त्याच्या घरी जायचो, तो टीव्ही बिनआवाजाचा लावून बसलेला असायचा. "काय फरक हाय?" म्हणायचा, आणि हसायचा. मला हसता येत नसे. त्याची एक सकाळ चोरलेला माणूस त्याच्यासमोर बसून त्याच्या घरचा चहा पीत होता.

गेल्या थंडीत त्यानं मला बोलावणं पाठवलं. शहराच्या पूर्व भागात त्याचं घर, चिंचोळी गल्ली, दोन्हीकडच्या ओट्यांवर बायका सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेल्या. अण्णा ओट्यावर धनुष्याला नवी दोरी लावत होता. शेजारी आमची जुनी हजेरीवही.

"व्यापाऱ्याचा पोरगा फोनवर बोलला," म्हणाला. "झाडी हाय तशीच हाय. आता मालक न्हाय, रजा न्हाय. जायचं का?"

मला वाटलं, जाता येणार नाही. म्हणजे भीतीमुळं नाही. हे पोटात ठेवून त्या झाडीत जाता येणार नाही. मी म्हणालो, "अण्णा, एक सांगायचंय."

"काय?"

"एक सांगायचंय."

"मोठ्यानं बोल की!"

आयुष्यभर मी कधी आवाज चढवला नाही. घरातही मी हळूच बोलतो. आणि जी गोष्ट मी चौदा वर्षं स्वतःशीसुद्धा पुटपुटलो नव्हतो, ती मला भर दुपारी, भर गल्लीत, ओरडून सांगावी लागली. "मालक नाही म्हणाले नव्हते! मी अर्ज दिलाच नाही! दाबून ठेवला! मी घाबरलो होतो!"

ओट्यांवरचे विडी वळणारे हात थांबले. समोरच्या एका बाईनं शेजारणीला तेलुगूत काहीतरी विचारलं. शेजारीण तोंडावर पदर घेऊन मला निरखू लागली.

अण्णानं दोरीची गाठ मारली, मेण चोळलं, मग मान वर केली. "वरडतोस कशाला? म्हाईत हाय मला."

"माहीत आहे?"

"त्याच रविवारी कळलं. तू दूध आणायला गेलास. मी वैनींना म्हणालो, चाळीस भाकरी वाया गेल्या की तुमच्या. त्या म्हणाल्या, कसल्या भाकरी?" तो माझ्याकडं बघत होता. "निघायचं शनिवारी, भाकरी आठ दिवस आधी पायजेत. तू मला दोनच दिवस आधी, गुरुवारी सांगितलंस मालक न्हाय म्हणाला. आणि आदल्या आठवड्यात घरात पीठसुद्धा भिजलं न्हाय. मग मालकानं न्हाय म्हणायच्या आधीच तुला कसं कळलं?"

चोवीस मागांतला एक चुकलेला ठोका ज्याला ऐकू यायचा, त्याच्यासमोर मी एवढी ढोबळ चूक केली होती.

"मग मालकाला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. आणि बेत कुणी लिहिला असता? मला मराठी येतंय का?"

"राग नाही आला?"

"आला की! लई आला!" आता तो ओरडत होता. "म्हणून तर डुक्कर उचलायला लावलं तुला. म्हणलं, बघू किती दिवस उचलतोय. पाठ मोडली की बोलेल. तू गडी बोलंना! दर वर्षी वाट बघितली मी. म्हणलं, यंदा बोलेल, यंदा बोलेल." मग आवाज खाली आला. "मी बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. एक सकाळ गेली. पन रोजची दुपार राहिली ना? ती पण ऱ्हायली नसती."

मी ओट्याच्या कडेला बसलो. समोरची बाई मराठीत म्हणाली, "ओ भाऊ, पाणी देऊ का?" मी ते घेतलं.

"आता कान गेले तुमचे," मी म्हणालो, पुन्हा ओरडून.

"तुझे हायत की. तू ऐक आणि मला सांग. आणि भाकरी बघ या टायमाला."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला काहीतरी आहे एवढं कळलं होतं, तुम्ही त्या आठवड्यात जेवत नव्हता. मी म्हणालो, भाकरी मी करणार. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परात पुढं सरकवली. पहिल्या सात भाकरी तव्यावर पडण्याआधी फाटल्या. आठवी गोल झाली पण जाड. ती म्हणाली, ही पाटासारखी खाली घालून बसा. मंद आचेवर भाजत, कापडानं दाबत, उन्हात वाळवत पाच दिवस गेले. दुकानातून येऊन मी रोज परातीला बसायचो. बोटं भाजली. चाळीस झाल्या, त्यांतल्या चार-पाच जरा नकाशासारख्या.

निघायच्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर लवकर पोचलो. पाठीवर पिशवी, हातात भाकरीचा डबा, आणि खांद्यावर, रिवाजाप्रमाणं, डुक्कर. आदल्या दिवशी अण्णाकडून घेऊन ठेवलेलं. नेहमीची ती भीतीही बरोबर होतीच. एक हमाल म्हणाला, "साहेब, ह्याला जनरलमध्ये जागा मिळणार न्हाय हां." अण्णा आला तो धनुष्य जुन्या चादरीत गुंडाळून, बरणीतली चटणी छातीशी धरून. नमस्कार नाही, काही नाही. डब्याकडं बोट दाखवलं. मी डबा उघडला.

त्यानं वरचीच एक उचलली, नकाशासारखी. दोन बोटांनी टिचकी मारली, उजव्या कानाशी नेली. मान हलवली, काही ऐकू आलं नाही. मग कोपरा दातांत धरून मोडला आणि डोळे मिटून, प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभा राहून चावत राहिला. गाडीची घोषणा झाली, लोक बाजूनं धावले, तो हलला नाही.

"वाजली," म्हणाला. "इथं, डोक्यात. चांगली कडक हाय."

गाडी लागली. त्यानं चटणीची बरणी माझ्या हातात दिली, माझ्या खांद्यावरचं डुक्कर ओढून काढलं, आपल्या खांद्यावर टाकलं आणि पुढं चालू लागला.